मध्ये उतरणार नाहीत

माझा आवाज मोठा होता. गोड वगैरे अजिबात नाही, सरळ कर्कश. चौथीच्या वर्गात मी पाढे म्हणवून घेऊ लागले की शाळेसमोरच्या गिरणीवाल्याचेही पाढे पक्के होतात, असं आमचे मुख्याध्यापक म्हणायचे. ते चेष्टेने म्हणत की वैतागून, हे मला कधी कळलं नाही. भाजीवाला, वायरमन, बसचा कंडक्टर, गच्ची धुताना आमच्या अंगणात पाणी सोडणारी शेजारीण, सगळ्यांना मी या एका आवाजावर सरळ केलं. नवरा परदेशी असलेल्या बाईला आवाज लागतोच.

तो आवाज त्या थंडीत बसला. मी हळदीच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला, आल्याचा काढा प्याले. शाळेतल्या बायका म्हणाल्या, 'बरं झालं, पोरांच्या कानाला जरा सुट्टी.' मीही हसले. होळी झाली, आवाज काही परत आला नाही. मग जिना चढताना दम लागायला लागला, आणि श्वास घेताना गळ्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं. शहराचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडात अजून तेच बसलंय.

तिथल्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर ते माझ्या भावाकडे वळून बोलायला लागले. भाऊ केदारखेड्याहून शेतीची कामं टाकून माझ्यासोबत आला होता. मला असल्या गोष्टींचा भयंकर राग येतो. मी होत्या त्या आवाजात म्हणाले, "घसा माझा आहे, मला सांगा." मग त्यांनी मला सांगितलं. स्वरयंत्रात कॅन्सर आहे. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे गळ्याला समोरून भोक राहील, श्वास तिथून चालेल. तुम्ही जेवाल, चालाल, जगाल. बोलण्याचं म्हणाल तर पुढे एखादं यंत्र वगैरे बघू, पण त्यावर आज भरवसा ठेवू नका. तुमचा म्हणून जो आवाज आहे, तो राहणार नाही.

भाऊ रडला. मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की हे इथे नाहीत.

माझा नवरा तेव्हा आयव्हरी कोस्टला होता. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये त्यांनी फिटर म्हणून सुरुवात केली. रोल बसवण्यात हात बसला, आणि इथल्याच एका शेठच्या ओळखीने ते तिकडच्या मिलवर फोरमन होऊन गेले. जालन्याची बरीच माणसं अशी आफ्रिकेत सळया काढतात. त्या देशाचं नाव आमच्या घरात कुणालाच धड म्हणता आलं नाही. सासूबाई त्याला 'आवरी' म्हणायच्या. गावाकडे धावड्याला गेल्या की सांगायच्या, "माझा लेक आवरीला हाय," आणि ऐकणाऱ्याला ते भोकरदनच्या पलीकडचं एखादं खेडं वाटायचं.

दोन वर्षांसाठी म्हणून गेलेला माणूस नऊ वर्षं तिकडेच होता. आधी नणंदेचं लग्न होतं, मग घराचा वरचा मजला होता, मग काहीच नव्हतं, तरी ते जात राहिले. इथे मिलमध्ये त्यांना 'ए फिटर' म्हणून हाक मारायचे, तिथे 'मिस्टर' म्हणतात. एवढ्याची माणसाला चटक लागते. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे 'कुणासाठी करताय हे?' असं मी बेधडक विचारू शकत होते, आणि फोनवर शंभरदा विचारलंही. फोनवर ते म्हणायचे, 'बघू, या खेपेला साहेबाशी बोलतो.' नाहीतर म्हणायचे, 'आवाज कटून राह्यला,' आणि लगेच तो खरंच कटायचा, कारण बटण त्यांच्या हातात होतं. वर्षातून महिनाभर सुट्टीवर आले की मलाच भांडायला जीव व्हायचा नाही. पाहुण्यासारखा आलेला माणूस, कशाला तोंड कडू करा. पुढच्या वेळी बोलू, असं करत मी नऊ वर्षं ढकलली.

समोरासमोर मात्र त्यांनी मला कधी नाही म्हटलेलं नाही. लग्न झाल्या झाल्या त्यांनी भट्टीवरची पाळी धरली होती. मी एका संध्याकाळी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "भट्टीवर जायचं नाही." ते डबा खाली ठेवून आत आले आणि पुन्हा कधी भट्टीवर गेले नाहीत. माझ्या आवाजाचा त्यांच्यावर असा परिणाम व्हायचा.

म्हणून मला ऑपरेशनच्या आधी ते समोर हवे होते. खुर्चीत, हाताच्या अंतरावर. उरलासुरला जो आवाज होता, त्यात मला त्यांच्या तोंडावर एक वाक्य म्हणायचं होतं, की आता परत जाऊ नका. लिहिलेलं वाक्य माणूस वाचतो आणि कागद बाजूला ठेवतो. फोनवरचं वाक्य कटतं. मला दुसरं काही नको होतं. देवाकडे नको, डॉक्टरांकडे नको. मला ते वाक्य म्हणायचं होतं.

ऑपरेशनची तारीख लवकरची मिळाली, कारण श्वासाची वाट अरुंद होत चालली होती. हे एरवी अदिस अबाबाला विमान बदलून यायचे. त्या आठवड्यात त्या वाटेची सगळी विमानं भरलेली निघाली. त्यांची तिकिटं पहिल्यापासून जालन्यातला एक एजंट काढायचा. मोंढ्याकडे एका गाळ्यात त्याचं दुकान होतं. रेल्वे, विमान, पासपोर्ट, उमरा, चारधाम, सगळं एकाच टेबलावर. भिंतीवर आयफेल टॉवरचं पोस्टर, त्याला खालून ओल आलेली. मी रिपोर्टची पिशवी घेऊन त्याच्यासमोर बसले. तो मुंबईच्या मोठ्या एजंटाशी फोनवर होता.

"पॅरिसवरनं एक हाय, मॅडम," तो मला म्हणाला. "दोन तिकिटं येगळी येगळी काढावी लागतील. पण जल्दी पोचतात, ऑपरेशनच्या आधी बराबर."

"काढा," मी म्हणाले.

त्याने फोनवर हात ठेवला. "मुंबईवाला विचारून राह्यला, पॅसेंजर मधी पॅरिसला उतरणार हायेत का?"

मी चिडले. बायको हॉस्पिटलात आणि हा माणूस पॅरिसला उतरणार? "उतरून काय करतील?" मी म्हणाले. "तिथं कोण बसलंय त्यांचं? फक्त विमान बदलतील."

"न्हाई न्हाई," तो फोनवर म्हणाला. "मधी उतरणार न्हाईत. सीधे घरी येणार."

तिकडे मुंबईत कुणीतरी बटण दाबलं आणि तिकीट निघालं.

आता हे मला समजावून सांगावंच लागेल, कारण पुढे मुंबईच्या माणसाला ते काही केल्या समजलं नाही. आमच्याकडे उतरणं म्हणजे मुक्काम करणं. कुणी परगावी जाऊन आलं की आपण विचारतो, कुठं उतरला होतात? तो सांगतो, मेहुण्याकडे, लॉजवर, मठात. जालन्याची एसटी औरंगाबादला आधी सिडको स्टँडवर जाते. पुढची लांबची गाडी धरायची तर मध्यवर्ती स्टँड गाठावा लागतो. आपण सिडकोला पिशव्या घेऊन खाली येतो, रिक्षा करतो, निम्मं शहर ओलांडतो, दुसऱ्या स्टँडवर जाऊन दुसऱ्या गाडीत बसतो. तेवढ्यासाठी कुणी म्हणत नाही, की मी औरंगाबादला उतरलो होतो. सिडकोला उतरलो म्हणेल, औरंगाबादला उतरलो म्हणणार नाही. चुकून म्हणालाच आणि तिथल्या मावशीच्या कानावर गेलं, तर ती वर्षभर धरून बसेल, की माझं घर सोडून हा उतरला कुणाकडे?

पॅरिसला दोन विमानतळ आहेत. आफ्रिकेतून येणारं विमान एकावर पोचणार होतं आणि मुंबईचं दुसऱ्यावरून सुटणार होतं. तिकिटांवर दोन्हींची वेगवेगळी अक्षरं स्पष्ट छापलेली होती. एजंटने ती पाहिली, मी पाहिली. यांना फोनवर तिकिटं पाठवली तेव्हा यांनीही पाहिली, आणि म्हणाले, "हे तर सिडको आन् मध्यवर्तीसारखं हाय. टॅक्सी करून घेतो." आम्ही तिघंही निश्चिंत झालो. मुंबईच्या माणसाने 'उतरणार का' म्हणजे विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकणार का, असं विचारलं होतं. आम्ही त्याला मुक्काम करणार नाही असं सांगितलं. दोघांनी मराठीतच बोलून एकमेकांचा गळा कापला.

ज्या दिवशी ते निघणार होते, त्या दिवशी मी घर आवरत होते. सासूबाई भाकरीचं पीठ मळत होत्या. फोन वाजला तेव्हा मला वाटलं, विमानात बसले असतील.

"मला बसू देईनात," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट उलटा-पालटा केला. म्हणे, फ्रान्सचा व्हिसा कुठाय? मी म्हन्लं, बाई, मी फ्रान्सला न्हाई चाललो, माझ्या घरी चाललोय. ती म्हणे, एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणार, मंग मधला रस्ता कुणाचा हाय?"

"मग त्यांना म्हणा, बाहेर जात नाही. आतच बसतो," मी म्हणाले.

"म्हन्लो. ती म्हणे, दुसरं विमान तिकडूनच सुटणार, आत बसून काय करता? आन् म्हणे, हिंदुस्थानच्या पासपोर्टला तिथं आत बसायचा सुदिक येगळा व्हिसा लागतो."

सासूबाईंना मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी पिठाचे हात तसेच धरले आणि विचारलं, "आपल्या घरी यायला कुणाची परवानगी लागती गं?"  

मी तडक एजंटच्या दुकानात गेले. आयुष्यात इतकी चिडून मी कुठे गेले नसेन. पूर्वीचा आवाज असता तर तो मोंढा मी डोक्यावर घेतला असता. पण गळ्यातून निघत होती नुसती खरखर, आणि एजंटाला ती ऐकू येईना. तो टेबलावरून वाकून कान माझ्या तोंडाजवळ आणून, अदबीने माझ्या शिव्या ऐकत होता. "काय म्हन्ल्या, मॅडम? पुन्हा एकदा?" भांडणात समोरचा पुन्हा एकदा म्हणायला लागला की भांडण संपतं. मी खुर्चीवर बसले आणि मला दम लागला. त्याने पाणी दिलं.

"तुम्हीच म्हन्ल्या होत्या, उतरणार न्हाईत," तो हळूच म्हणाला. मग त्याचं त्यालाच काहीतरी लक्षात आलं असावं, कारण तो बराच वेळ पोस्टरकडे बघत बसला. "आन् मीबी तसंच सांगितलं," तो म्हणाला. चूक कुणाची यावर आम्ही पुढे बोललो नाही.

तो भला माणूस होता. दुपारभर त्याने फोन केले. त्या दुपारी मला जे ज्ञान मिळालं, त्याचा माझ्यासारख्या बाईला जन्मात काही उपयोग नव्हता. काही देशांत आपल्या माणसाला विमानतळावर खुर्चीत बसून राहता येतं, कुणी विचारत नाही. काहींत बसायलाही व्हिसा लागतो. काही ठिकाणी सामान पुढे आपोआप जात असेल तर चालतं, सामान स्वतः उचलायचं असेल तर चालत नाही, कारण सामानाचा पट्टा बाहेर असतो. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तर हेच सगळे देश एकदम मऊ होतात. म्हणजे ज्याच्यासाठी एक मोठं दार आधीच उघडलंय, त्यालाच बाकीची दारं उघडी. मी म्हणाले, यांच्या पासपोर्टवर आयव्हरी कोस्टचे नऊ वर्षांचे शिक्के आहेत. एजंट म्हणाला, "मॅडम, ते शिक्के कुठंबी चालत न्हाईत."

मी तिथे बसलेली असतानाच एक जोडपं आलं. चांगलं खाऊन-पिऊन सुखी, बियाण्यांच्या धंद्यातलं असावं. युरोपच्या टूरला निघाले होते. बाईला एक दिवस टूर सोडून शेजारच्या एका देशात जाऊन यायचं होतं. तिथली एक बाजारपेठ तिने मोबाइलवर बघितली होती. एजंटने विचारलं, "व्हिसा एका एन्ट्रीचा हाय का जास्तीचा?" त्यांना माहीत नव्हतं. त्याने कागद बघून सांगितलं, "एका एन्ट्रीचा हाय, आन् तो देश या व्हिसात येत न्हाई. सकाळी बाहेर पडलात की संध्याकाळी परत घेणार न्हाईत. तिथंच अडकाल."

बाईचं तोंड पडलं. "एका दिवसानं काय फरक पडतो हो त्यांना?" ती म्हणाली. आणि तिने माझ्याकडे बघितलं, बाई बाईकडे बघते तसं, दुजोऱ्यासाठी. मला तिचा इतका राग आला, की मी तोंड फिरवलं. नंतर घरी जाताना रिक्षात मला वाटलं, ती तरी माझंच वाक्य बोलत होती. एका दिवसाने काय फरक पडतो. मधल्या टॅक्सीभर रस्त्याने काय फरक पडतो, याशिवाय मी दुसरं काय म्हणत होते?

फ्रान्सच्या व्हिसाची भेटीची तारीख पुढच्या महिन्यातली निघाली. ती वाट संपली. मग यांच्या मिलच्या मॅनेजरने कुणाचे तरी पाय धरून अदिस अबाबाच्या विमानात एक जागा मिळवली. त्या वाटेने ते लवकरात लवकर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पोचणार होते. मी औरंगाबादला भरती झाले होते. मी डॉक्टरांना म्हणाले, एक दिवस पुढे ढकला.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"नवरा येतोय."

"सही भाऊ करतील की."

"सहीसाठी नाही," मी म्हणाले. "मला त्यांच्याशी बोलायचंय."

 डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमची श्वासाची वाट आता काडीएवढी राहिली आहे. रात्रीत बंद पडली तर आम्हाला धावपळीत भोक पाडावं लागेल, आणि आवाज मग तसाही जाईल. एक दिवस देतो. त्याच्या पुढे मागू नका."

मी त्यांच्या पाया पडले. मी, जी मुख्याध्यापकांनाही नमस्कार करताना मान जेमतेम हलवते. त्या एका दिवसासाठी मी कुणाच्याही पाया पडले असते. फ्रान्सचा व्हिसा मागणाऱ्या त्या काउंटरवरच्या बाईच्यासुद्धा.

आता हिशोब जुळला होता. ते पहाटे मुंबईला उतरणार, तिथून मिळेल त्या गाडीने निघणार, आणि माझं ऑपरेशन दुपारी. मी भावाला सांगून ठेवलं, मला आत नेतील तेव्हा दाराशी थांब, ते धावत येताना दिसले की स्ट्रेचर अडव. भाऊ म्हणाला, "आडवंच पडतो ना बाई मी चाकांपुढं." तो तसं करेलही, याची मला खात्री होती. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. नर्सला खुणा करत होते. मला माझा आवाज त्या वाक्यासाठी शिल्लक ठेवायचा होता, जसं काही तो डब्यात मोजून ठेवलेला होता.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. अदिस अबाबाहून. मुंबईचं विमान बिघडलं होतं, उद्या निघेल म्हणत होते.

"बाकीच्यांना हॉटेलात घेऊन गेले," ते म्हणाले. "मला म्हणे, थांबा, तुमच्या व्हिसाचं बघावं लागंल. मी म्हन्लं, नको मला हॉटेल. खुर्चीत बसतो. मला फक्त विमान द्या." ते काय बोलत होते ते मधूनच ऐकू यायचं, मधूनच जायचं. विमानतळाच्या फुकटच्या वायफायवरून बोलत होते. मागे कुठली तरी घोषणा चालू होती.

ते पोचणार नव्हते. मला ते त्याच क्षणी कळलं. डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा जायचं तोंड मला नव्हतं, आणि खरं सांगायचं तर श्वासही नव्हता. त्या संध्याकाळी उताणं झोपलं की जीव गुदमरत होता. मी मरायला घाबरले होते. एका वाक्यासाठी मरायची माझी तयारी नव्हती, हे मला त्या कॉटवर बसल्या बसल्या समजलं, आणि माझीच मला लाज वाटली.

मग मी ठरवलं, फोनवर तर फोनवर. भावाला बाहेर जायला सांगितलं. फोन तोंडाला चिकटवला आणि म्हणाले, "अहो, ऐका. आता परत..."

"काय?" ते म्हणाले.

"परत जाऊ नका."

"आवाज येईना तुझा. नुसतं खरखर ऐकू यायलंय. नेटवर्कचं काहीतरी... हॅलो?"

नेटवर्कचं काही नव्हतं. ती खरखर मीच होते. मी पुन्हा म्हणाले, जोर लावून म्हणाले, जेवढं फुप्फुसात होतं तेवढं सगळं लावलं. ते तिकडे हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी मी विचारलं, "अहो, ऐकू येतंय का?" तेवढ्यात फोन कटला. या वेळी त्यांनी कापला नव्हता. पुन्हा लागला नाही. माझ्या आवाजातलं माझ्या नवऱ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते होतं.

तरीही दुसऱ्या दिवशी मी दाराकडे बघत होते. विमान आदल्या रात्रीच दुरुस्त झालं असेल, ते न सांगता निघाले असतील, असलं काहीही माझ्या मनात येत होतं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी मान वर करकरून बघत होते आणि वॉर्डबॉय "मावशी, डोकं खाली" म्हणत होता. भाऊ दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. आत दिव्यांखाली भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कवळी वगैरे आहे का?" मी म्हणाले, "नाही." मग त्यांनी तोंडावर मास्क ठेवला.

माझ्या आवाजातला शेवटचा शब्द हा. वीसेक वर्षं मी या आवाजाने पोरांना पाढे शिकवले, जगाशी भांडले, एका माणसाला दारातून परत फिरवलं. आणि तो संपला कवळीवर.

शुद्ध आली तेव्हा गळा माझा नव्हता. नाकातून नळी, गळ्यात नळी, हाताला नळी. श्वास भलतीकडूनच आत-बाहेर होत होता. मी ओरडायचा प्रयत्न केला. शिकलेली बाई, सगळं आधी समजून घेतलेलं, तरी केला. काहीच झालं नाही. ओरडायची सगळी तयारी झाली, छाती भरली, तोंड उघडलं, आणि पुढे काहीच नाही. तसं मी किती वेळा केलं कोण जाणे. सिस्टर येऊन कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "शांत राहा." मी शांतच होते. तीच तर सगळी बोंब होती.

ते दुसऱ्या दिवशी आले. काचेच्या दारातून मला आधी त्यांची बॅग दिसली, मग ते दिसले. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, पायात हॉस्पिटलच्या निळ्या पिशव्या. नऊ वर्षांत ते एकदाही एवढे म्हातारे दिसले नव्हते. त्यांनी कॉटजवळचं स्टूल ओढलं, अगदी जवळ घेतलं, हाताच्या अंतरावर बसले. माझा हात दोन्ही हातांत धरला. बघत राहिले. आणि मग रोज फोन लागला की ज्या शब्दाने ते सुरुवात करायचे, तोच शब्द सवयीने त्यांच्या तोंडून निघाला.

"बोल," ते म्हणाले.

म्हणाले आणि जागच्या जागी थिजले. त्यांचा चेहरा मला बघवेना. पण समोर होते. मला हवे होते तसे, हाताच्या अंतरावर, हलता न येणारे, कापता न येणारे. मी तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं. मी ते सावकाश म्हणाले, एकेक अक्षर सुटं करून, दुसरीतल्या पोराला शिकवावं तसं. आता. परत. जाऊ. नका.

ते वाकून माझ्या ओठांकडे बघत होते. वाचायची शिकस्त करत होते, कपाळाला आठ्या घालून. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"पाणी पाह्यजे का?" त्यांनी विचारलं.

पाणी मला अजून कित्येक दिवस मिळणार नव्हतं. ते टेबलावर ग्लास शोधायला लागले, बाटलीचं झाकण उघडायला लागले, आणि मला हसू आलं. आवरेना. पोट हललं, खांदे हलले, पण हसण्याचा आवाज काही आला नाही. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा बाहेर पडली, फसफस करत, नळी हलवत. त्यांच्या हातातली बाटली खाली पडली. ते "सिस्टर, सिस्टर" ओरडत दाराकडे धावले.

सिस्टर पळत आली. तिने माझ्या गळ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांना म्हणाली, "काही झालं न्हाई काका. हसून राह्यल्या त्या."